चौथ्या ठोक्याच्या आधी

दिगू गेल्याची बातमी मला मासळी बाजारात कळली, आणि कळायच्या आधी मी तिला भरपूर शिव्या घातल्या.

सकाळची वेळ. समोर बांगड्यांचा वाटा, त्यातल्या एका बांगड्यावरून माझा आणि मासळीवालीचा तात्त्विक वाद रंगलेला, आणि खिशात फोन वाजला. पडद्यावर नाव दिगूचं. मग मी कसली वाट बघतोय! फोन कानाला लावला आणि सुरू झालो. "काय रे मेल्या, आता आठवण झाली? आचऱ्याचो कार्यक्रम तोंडार इलो, मंडळवालो माझो जीव खाता, आणि तू थंय लाकडाचे आंबे रंगवत बसलंस! तुझो प्रश्न काय तो तरी सांग. नाय सांगणस? मगे आयक..." असं बरंच काही. मध्येच मासळीवालीला "तो फुगलेलो काढ गो" हेही सांगून झालं. पलीकडे शांतता. दिगू इतका वेळ गप्प बसणाऱ्यातला नव्हे, पण ते लक्षात यायला मला सवड कुठे होती? माझा दम संपला तेव्हा पलीकडून त्याच्या बायकोचा, सुमनवैनींचा आवाज आला.

"भावजी, तुमचा झाला?"

"वैनी? तुमी? दिगू खंय हा?"

"हे गेले ओ सकाळी. चाय मागल्यानी... मी घेवन येयसर..."

मासळीवालीला काय समजलं कोण जाणे. ज्याच्यावरून भांडण चाललं होतं तो बांगडा तिने मुकाट्याने माझ्या पिशवीत टाकला. समोरच्याचं पुरतं ऐकून न घेता सुरू व्हायचं, हा माझा जन्माचा रोग. त्या रोगावर ज्याने आयुष्यभर इलाज केले, त्याच्या मरणाची बातमीसुद्धा मी मध्येच तोडली. दिगूला हे कळलं असतं तर तो बेहद्द खूष झाला असता. मळगावपासून वेंगुर्ल्यापर्यंत सांगत सुटला असता.

पुरवणीच्या वाचकांना दिगू माहीत असण्याचं काही कारण नाही. सावंतवाडीत लाकडी खेळणी करणाऱ्या घरातला तो. ज्यांनी सावंतवाडीहून लाकडाची केळी, सीताफळं, मिरच्या आणून घरच्या पाहुण्यांना फसवलं असेल, त्यांनी कदाचित त्याच्या हातचं फळ हाताळलं असेल. पण हा झाला पोटाचा उद्योग. खरा दिगू ड्रमच्या मागे बसलेला. आमच्या तरुणपणी, कॅसेटींच्या दिवसांत, या जिल्ह्यात दोन पंक बँड होते. दोनच. आणि हे ऐकून आजही लोक मला डॉक्टरकडे जाऊन यायला सांगतात.

पंक म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. बोटीवर कामाला असलेल्या कोणाच्या तरी भावाने गोव्यातून कॅसेट आणली. तिची नक्कल, नकलेची नक्कल असं होत होत ती मालवणात पोचली तेव्हा तिच्यात गाण्यापेक्षा खरखर जास्त उरली होती. आम्हाला वाटलं, खरखर हेच संगीत. पुढे कळलं की अंदाज फारसा चुकला नव्हता. तीन सूर, भरपूर वेग, आणि राग. सूर आणि वेग जमवले, पण राग कोणावर काढायचा हा प्रश्न होता. मालवणात राहून माणूस रागावणार किती? दुपारी जेवल्यावर तर रागावताच येत नाही. शेवटी मी आमच्या हेडमास्तरांवर गाणं लिहिलं:

"हेडमास्तर, हेडमास्तर, घंटा झाली, आता पुरे,
छडी तुमची तुमका ऱ्हवांदे, आमका दर्या बरो रे!"

आमच्या बँडचं नाव 'सुकट'. कारण आम्ही सराव करायचो ती खोप सुक्या जवळ्याने भरलेली असायची, आणि सराव करून घरी गेलं की आई आधी आंघोळ घालायची, मग शिव्या. तिकडे सावंतवाडीत दिगूचा बँड होता 'भोवरो'. एकमेकांना ऐकलेलं नसताना आम्ही एकमेकांचा मनापासून तिरस्कार करायचो. पंकमध्ये तो लागतोच म्हणे.

आमची गाठ पडली ती कुडाळच्या बाजूच्या एका गावात. तिथल्या मंडळाने हौसेने दोन्ही बँडना बोलावलं खरं, पण आम्ही आल्यावर आमचं करायचं काय हे त्यांना कळेना. कोण आधी, कोण नंतर, किती वेळ? मंडळाचे अध्यक्ष भजनातले जुने जाणते. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "सोपा आसा. डबलबारी लावया!" आता डबलबारी म्हणजे आमच्याकडचा भजनाचा सामना. एका मांडवात दोन बुवा समोरासमोर. एकाने आपली बारी गायची, जाता जाता दुसऱ्याला गाण्यातून प्रश्न घालायचा, टोमणे मारायचे. दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचं उत्तर द्यायचं आणि सव्याज परतफेड करायची. उत्तर दिल्याशिवाय मांडव सोडायचा नाही. या नियमाने त्या दिवशी, माझ्या माहितीप्रमाणे जगात प्रथमच, पंकची डबलबारी झाली. समोर गोणपाटावर बसलेले आजोबा-आजी मान डोलवत होते. चक्क ठेका धरत होते.

पहिली बारी 'भोवरो'ची. ड्रमच्या मागे एक काटकुळा, दात पुढे असलेला मुलगा. हातातल्या काठ्या लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांच्या, खेळण्यासारख्या रंगवलेल्या. त्याने मान तिरकी करून आमच्याकडे बघितलं आणि प्रश्न टाकला:

"दर्याच्या काठार जल्मलास, छाती काढून फिरतास,
सांगा रे सुकटानू, पाण्यात कितपत..."

'शिरतास' हा शब्द अजून त्याच्या दातांमागे होता, तोवर मी माईक ओढून ओरडलो, "गळ्यापर्यंत!"

मग आमच्याच बँडचा ड्रमवाला, आमचाच, दुसऱ्या माईकवरून शांतपणे म्हणाला, "ह्यो न्हाणयेत पण भिंत धरून बसता."

खरं होतं ते. मला पोहता येत नाही. मालवणात जन्मून, दर्यावर गाणी रचून, मला अजूनही पोहता येत नाही. मांडव जो हसत सुटला तो आमची अख्खी बारी संपेपर्यंत हसतच होता. आम्ही हरलो हे सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी सकाळी हा काटकुळा मुलगा एसटीने मालवणात, माझ्या दारात हजर. "चल," म्हणाला, "तुझा उत्तर खरा करूया." कमरेएवढ्या पाण्यात मी व्यवस्थित बुडालो. सावंतवाडीच्या तळ्यात पोहायला शिकलेल्या त्या पोराने मालवणच्या पोराला केसांना धरून समुद्रातून बाहेर काढलं आणि वाळूत आडवा टाकून पोट धरून हसला. वैर इथे संपलं. केस मात्र त्यानंतर फार टिकले नाहीत, त्याला मी अजूनही दिगूला जबाबदार धरतो.

पुढे व्हायचं तेच झालं. 'सुकट'मधला एक मुंबईला गेला, एक आखातात. 'भोवरो'चा गायक बुवा झाला, आता गळ्यात माळ घालून भजनं करतो आणि समोर भेटलो तर ओळख देत नाही. मी मास्तर झालो. आणि नियतीला विनोदाची जाण असल्यामुळे एक दिवस हेडमास्तरही झालो. दोन बँडमधून वाद्याला हात लावणारे आम्ही दोघेच उरलो, आणि तेही कपाटावरची गिटार पुसण्यापुरते. भेटायचो, गजाली करायचो, सोलकढी प्यायचो. गाण्याचा विषय निघाला की दोघेही हळूच दुसरीकडे बघायचो.

मी निवृत्त झालो त्या दिवशी शाळेत निरोप समारंभ होता. शाल, श्रीफळ, "सरांचं मार्गदर्शन आम्हाला सदैव..." वगैरे चाललेलं. मी डोळे पुसायच्या तयारीत. तेवढ्यात पडद्यामागून दणदणाट सुरू झाला आणि दहावीची मुलं एका सुरात, म्हणजे सुराच्या जवळपास, गायला लागली... "हेडमास्तर, हेडमास्तर, घंटा झाली, आता पुरे!" पडदा बाजूला झाला तर मागे पत्र्याच्या पिंपावर दिगू. केस पिकलेले, दात तसेच. महिनाभर एसटीने येऊन माझ्या पाठीमागे त्याने मुलांना हे पढवलं होतं. आणि माझ्या शाळेत काय चाललंय हे मला कळू नये, यावरून माझं मार्गदर्शन किती सदैव होतं ते दिसतंच. गाणं थांबलं. दिगूने काठी माझ्याकडे रोखली. "मास्तरानु, तुमची बारी. उत्तर द्या."

मी शालीसकट गायलो. नव्या हेडमास्तरांनी माझ्याशी त्यानंतर बोलणं सोडलं.

दुसऱ्याच आठवड्यात मी गिटार घेऊन सावंतवाडीला गेलो. दोघांचाच बँड. बाजारात लोक म्हणायला लागले, "ह्या वयात शिळ्या कढीक ऊत इलो." दिगू म्हणाला, फुकट नाव मिळतंय तर कशाला सोडा? म्हणून आमचं नाव 'शिळी कढी'. प्रकार तोच, डबलबारी. एक बारी त्याची, एक माझी. एकमेकांची उणीदुणी काढायची, प्रश्न घालायचे, आणि दोघांनी मिळून वाजवायचं. एकच नियम दिगूने घातला होता. प्रश्न आधी सांगायचा नाही. "आधी सांगलंय तर तू उत्तर पाठ करून येतलंस. मास्तरकी सगळी! थंयच विचारतलंय, थंयच दी." जत्रांत, वाढदिवसांना, एकदा तर आंबोलीत भर पावसात एका टपरीच्या छपराखाली आम्ही वाजवलं. तिथे श्रोत्यांना पळून जायला जागा नव्हती, त्यामुळे तो आमचा सर्वांत यशस्वी कार्यक्रम.

सराव त्याच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे घराची पुढची पडवी. एका बाजूला लाकूड कातायचा चरक, दुसऱ्या बाजूला ड्रम, मध्ये भुशाचा ढीग आणि तापलेल्या लाखेचा वास. काठ्या तो स्वतःच कातायचा. सुरुवातीला खेळण्यांच्या पांगाऱ्याच्या केल्या, त्या पहिल्याच गाण्यात मोडल्या आणि एक तुकडा माझ्या चहात पडला. मग सागाच्या. पट्टे मात्र तेच, लाल-पिवळे-हिरवे.

आणि तिथेच माझ्यावर ते इलाज चालायचे. गाणं सुरू करताना ड्रमवाला दोन काठ्या एकमेकींवर आपटतो. चार ठोके. चौथा पडला की सगळ्यांनी एकदम सुरू व्हायचं. शेंबड्या पोरालाही जमतं. मला नाही. तिसरा ठोका पडला की माझा हात तारांवर. दिगूने सगळं करून बघितलं. समजावलं, ओरडला, तोंडाने मोजलं. एकदा माझा उजवा हात सुंभाने खुर्चीला बांधून ठेवला, तर मी खुर्चीसकट सुरू झालो. आतून, स्वयंपाकघरातून सुमनवैनी ओरडायच्या, "भावजी, चार होवंक दिया!" त्यांना भांडी घासता घासता ठोके पाठ झाले होते, मला समोर बसून होत नव्हते. वेंगुर्ल्याकडच्या एका जत्रेत तर मी दुसऱ्यावरच सुटलो आणि दिगूच्या आधी गाणं संपवून मोकळा. लोकांनी माझ्यासाठी एकदा टाळ्या वाजवल्या, मग त्याचं संपल्यावर त्याच्यासाठी. शेवटी दिगूने नाद सोडला. हसून म्हणाला, "जा रे तू फुडे. मी येतंय मागसून." आणि खरंच, मी कुठेही सुरू झालो तरी दोन-चार ठेक्यांत तो मला गाठायचा. इतका सहज, की ऐकणाऱ्याला वाटावं असंच बसवलंय. मीही घरी येऊन बायकोला तसंच सांगायचो.

शेवटची भेट त्याच पडवीत. आचऱ्याच्या एका वाडीत देवळाच्या जत्रेला आमची बारी ठरली होती. दिगू थकल्यासारखा वाटला, पण विचारलं तर म्हणाला, "उन्हाचा." एका लाकडी आंब्याच्या गालावर लाली चढवत होता. मी प्रश्नासाठी त्याच्या मागे लागलो. कधी नव्हे तो गालातल्या गालात हसत होता, म्हणजे प्रश्न जबर असणार.

"पोवण्याचोच ना? तोच घालतलंस तू!"

"तो जुनो झालो."

"मगे टक्कलाचो?"

"तुझा टक्कल काय प्रश्न आसा? ता उत्तर आसा." मग ब्रश बाजूला ठेवून म्हणाला, "मास्तरा, एकदा तरी प्रश्न आयकान घी रे. पुरतो. मगे बोल."

निघताना बजावलं, या मे महिन्यात तो मला पोहायला शिकवणार म्हणजे शिकवणारच. केस नाहीत तर कानाला धरीन म्हणाला.

त्यानंतर तो फोन. दिगूने कधी काही लिहून ठेवलं नाही, त्यामुळे प्रश्न त्याच्याबरोबर गेला. दिवसकार्य झाल्यावर मंडळाचा माणूस संकोचून म्हणाला, रद्द करूया का? मी हो म्हणणार होतो. म्हणजे म्हणालोच होतो, नेहमीप्रमाणे त्याचं वाक्य संपायच्या आधी. पण सुमनवैनी म्हणाल्या, "भावजी, उत्तर दिल्याबिगर मांडव सोडूचो नाय ना? मगे?" मी म्हटलं, "वैनी, पण प्रश्नच नाय..." त्या म्हणाल्या, "ता तुमी बघा."

मला भीती होती ती वेगळीच. मला कोणी गाठायला नसताना मी कधी सुरू झालोच नव्हतो. पुढे पळणाऱ्याची ऐट मागून कोणीतरी येतंय तोवरच असते.

आचऱ्याला दिवेलागणीला पोचलो. वाडीच्या मानकऱ्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवाला सगळं कसं स्पष्ट सांगावं लागतं. "...बा देवा म्हाराजा, आज तुझ्या दारात 'शिळी कढी' इली हा..." "व्हय म्हाराजा!" "...दोघे येवचे होते, तेतूरलो एकलोच इलो हा..." "व्हय म्हाराजा!" "...ह्येचा काय चुकला-माकला तर सांभाळून घी..." "व्हय म्हाराजा!" हे शेवटचं जरा जास्तच जोरात झालं. आचऱ्याच्या लोकांनी मला आधी ऐकलेलं आहे.

रंगमंचावर त्याचे ड्रम मांडले होते. मागे कोणी नाही. पहिली बारी त्याची, म्हणून मी खुर्चीत गप्प बसून राहिलो. लोकांना वाटलं, वीज गेली की काय. मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तरानु, सुरू करा!" मी माईकवर म्हटलं, "थांबा. दिगूची बारी चालू आसा." माडांची सळसळ ऐकू येत होती. वाटलं, आता दिगू प्रश्न टाकील, आता टाकील...

प्रश्न आला तो पुढच्या रांगेतून. एक म्हातारी, नऊवारी, हातात चण्यांचा पुडा. ती माझ्याकडे बघत अगदी सहज, शेजारणीला विचारावं तसं बोलली, "मास्तरा, आता एकटो काय करतलंस रे?"

आयुष्यात पहिल्यांदा मी प्रश्न पुरता ऐकला. दिगूचा प्रश्न कदाचित निराळाच असेल, गालातल्या गालात हसण्यासारखा. पण त्या मांडवात मला मिळाला तो हा, आणि नियम दिगूचाच होता. मी गिटारकडे बघत राहिलो. हात उचलेना. कधीपासून सुरू करू? कोण सांगणार?

तेव्हा टक् असा आवाज आला.

म्हातारीच्या पलीकडे सुमनवैनी बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, आणि हातात त्या लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांच्या दोन काठ्या. मान खाली, जणू भांडीच घासतायत. टक्. मी ठरवलं, आज काही झालं तरी चौथ्यावर. दिगूसाठी एवढं तरी. दात आवळून धरले, अंगठा तारेच्या वर रोखून धरला...

टक्, आणि मी सुटलो. तिसऱ्यावर!

वैनींनी मान वर केली. आणि त्या हसल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता त्यांनी चौथा ठोका दिला. तो माझ्या मागून आला आणि मला गाठून गेला.

कसं वाजवलं ते विचारू नका. "हेडमास्तर, हेडमास्तर" म्हणताना सगळी वाडी ओरडत होती. चण्यांचा पुडा धरलेली म्हातारी "आता पुरे" या शब्दांना फारच मनापासून साथ देत होती, एवढंच आठवतं.

काठ्या मी मागितल्या नाहीत, वैनींनी दिल्या नाहीत. त्या सावंतवाडीला पडवीतच असतात, चरकाच्या बाजूला. माझ्या फोनमध्ये त्या नंबरावर नाव अजून 'दिगू'च आहे. ते बदलायचं कसं हे मला येत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. रविवारी सकाळी, आमच्या सरावाच्या वेळेला, फोन वाजतो. पडद्यावर दिगू. मी उचलतो आणि काही बोलत नाही. पलीकडूनही कोणी बोलत नाही. आधी टक् असा आवाज येतो. मग दुसरा. मग तिसरा. माझ्या जिभेवर सगळं तयार असतं, पाऊस कसा आहे, बांगडा कसा आहे, मे महिन्यात पाण्यात उतरायचं म्हणतोय... पण मी तोंड मिटून धरतो.

चौथा पडतो. मग मी म्हणतो, "हां वैनी... बोला."